मुद्दल कुठल्या रकान्यात?

गडचिरोलीच्या लोहखनिजावर नाशिकमध्ये अलीकडे एक परिसंवाद ऐकला. एका वक्त्यानं पोलाद प्रकल्प, रोजगार आणि सरकारी तिजोरीत येणारं स्वामित्वधन (रॉयल्टी) यांचे आकडे मांडले. दुसऱ्यानं तुटलेलं जंगल आणि ग्रामसभांचा विरोध मांडला. दोन तास एक बाजू दुसरीला 'विकासविरोधी' म्हणत होती, दुसरी पहिलीला 'कंपनीधार्जिणी'. शेवटी मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "दरवर्षी जेवढं खनिज बाहेर जातं, तेवढ्यानं आपण किती गरीब होतो, हे कुणी मोजतं का?" दोन्ही वक्त्यांनी तो प्रश्न पर्यावरणाचा समजून उत्तर दिलं. प्रश्न हिशेबाचा होता, आणि त्या संध्याकाळचा तोच एकमेव नेमका प्रश्न होता.

माझं म्हणणं सरळ आहे. जमिनीतलं खनिज ही मालमत्ता आहे. ते काढून विकलं की हाती येणाऱ्या पैशातला काही भाग मजुरांच्या कष्टाचा आणि यंत्रांत घातलेल्या भांडवलाचा असतो, ती कमाई. उरलेल्यातला एक हिस्सा मात्र मुद्दल असतो. देशाच्या उत्पन्नात, राज्याच्या उत्पन्नात आणि अर्थसंकल्पात हे मुद्दल आज कमाई म्हणूनच लिहिलं जातं. ते दरवर्षी वेगळं काढून आकड्यात जाहीर झालं पाहिजे. खाण हवी की नको, हा वाद त्यानंतरचा. किती विकलं आणि त्या बदल्यात काय उभं राहिलं हेच ठाऊक नसेल, तर त्या वादाचा निकाल लागणार कसा?

माझे मामा निफाड तालुक्यात द्राक्षं करतात. पंचवीसेक वर्षांपूर्वी गावाजवळ रस्त्याचं काम निघालं आणि ठेकेदाराला मुरूम हवा होता. मामांच्या मळ्याच्या वरच्या अंगाला बरड होतं, कुसळांशिवाय तिथं काही येत नसे. त्यांनी मुरूम दिला. महिनाभर डंपर चालले. मामांची त्या सालची वही मी पाहिली आहे: डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. जमेच्या बाजूला 'द्राक्ष', 'गहू' आणि त्याखाली 'मुरूम' असं ओळीनं लिहिलेलं, आणि तिन्हींची मिळून एकच बेरीज. ती बेरीज तोवरची सगळ्यात मोठी होती. तिच्या जोरावर मामांनी दुसऱ्या प्लॉटसाठी कर्ज काढलं, तारा आणि अँगल आणले. पुढच्या साली द्राक्षं नेहमीइतकीच झाली, मुरूम नव्हता, आणि हप्ता मात्र त्या मोठ्या बेरजेच्या मापाचा होता. त्यातून बाहेर पडायला सहा वर्षं गेली. मामा उधळे नव्हते, आळशी तर नव्हतेच. चूक फक्त एका रकान्याची होती.

देशाच्या पातळीवर हीच चूक नियम म्हणून चालते. वर्षभरात तयार झालेल्या वस्तू-सेवांची बेरीज म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन, जीडीपी. त्यातून घसारा वजा केला की निव्वळ उत्पादन मिळतं. कारखान्यातलं यंत्र झिजलं की घसारा धरतात. इमारतीचा धरतात, पुलाचा धरतात. पण खनिजाचा एक अख्खा डोंगर संपला तरी आजवरच्या निव्वळ आकड्यातून त्यापोटी एक पैसा वजा झालेला नाही. उलट डोंगर जितक्या झपाट्यानं संपेल तितका विकासदर वर जातो. अर्थतज्ज्ञ जॉन हिक्स यांनी १९३९ मध्ये उत्पन्नाची जी कसोटी दिली ती कुठल्याही शेतकऱ्याला पटेल अशी आहे: ठरावीक काळात जेवढं खर्च करूनही काळाच्या अखेरीस माणूस सुरुवातीइतकाच सुस्थितीत राहतो, तेवढंच त्याचं उत्पन्न. या कसोटीवर खनिजाच्या विक्रीचा सगळा पैसा उत्पन्न ठरत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१२ मध्ये पर्यावरण-आर्थिक लेख्यांची चौकट प्रमाण मानली, आणि मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय लेख्यांची जी नवी जागतिक पद्धत स्वीकारली, तीत नैसर्गिक संपत्तीची झीज हा उत्पादनाचाच खर्च धरून निव्वळ उत्पादनातून वजा करायला सांगितलं आहे. मी मांडतोय ते कुठल्या चळवळीचं घोषवाक्य आहे असं समजून ते बाजूला सारणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

अर्थसंकल्पात तर ही विसंगती अधिकच ठळक आहे. सरकारनं एखाद्या सार्वजनिक कंपनीचे शेअर विकले की ती रक्कम भांडवली जमा म्हणून दाखवतात, कारण मालमत्ता विकली. त्यावर विधिमंडळात, संसदेत गदारोळ होतो, 'घरचं सोनं विकलं' अशी टीका होते. तेच सरकार लोहखनिज, कोळसा, बॉक्साइट देऊन स्वामित्वधन घेतं तेव्हा ती रक्कम करेतर महसूल म्हणून महसुली जमेत जाते, पगार-पेन्शन-अनुदानात खर्च होते आणि महसुली तूट तेवढी कमी दिसते. शेअर कमीत कमी परत विकत तरी घेता येतात. काढलेलं खनिज परत कुठून आणणार? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २५ जुलै २०२४ रोजी आठ विरुद्ध एक मतानं निकाल दिला की स्वामित्वधन हा कर नव्हे. खनिजाच्या हक्कापोटी खाणपट्टा घेणाऱ्यानं तो देणाऱ्याला द्यायचा तो मोबदला आहे. न्यायालयापुढचा प्रश्न राज्यांच्या करअधिकाराचा होता, लेखापद्धतीचा नव्हता, हे मान्य. पण कर नसून मोबदला असेल, तर तो कशाचा मोबदला आणि कुठल्या खात्यात, हा प्रश्न आपण पुढे नेलाच पाहिजे.

आकडा तोच, पण वाचायचा कसा, यावरून या देशात एक मोठा वाद आधी होऊन गेला आहे. भारताची निर्यात आयातीपेक्षा सतत जास्त होती, आणि इंग्रज अधिकारी ती भरभराटीची खूण म्हणून दाखवत. दादाभाई नौरोजींनी १८७६ मध्ये मुंबईत निबंध वाचून विचारलं, की एवढा माल बाहेर जातो तर त्याच्या बदल्यात परत काय येतं? परत काही येत नसेल तर ही भरभराट नव्हे, हा निचरा आहे. तो निचरा त्यांनी भावनेनं नव्हे, सरकारचेच आकडे फिरवून मोजला. १८६७-६८ साठी माणशी वार्षिक उत्पन्न २० रुपये, हा त्यांचा अंदाज पुढे अनेकांनी तपासला, त्यावर वाद घातला. पण तो अंदाज मांडला गेला म्हणूनच वाद घालता आला. आमच्या निफाडात १८४२ मध्ये जन्मलेले न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्यातल्या व्याख्यानात सांगितलं, की इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे सिद्धान्त देश-काल न पाहता इथं लावता येत नाहीत. जीडीपीचा साचासुद्धा १९३० आणि १९४० च्या दशकांत, मंदी आणि युद्धाच्या गरजेतून, औद्योगिक देशांत घडला. कारखाने किती चालले हे त्यांना मोजायचं होतं. जमिनीखालचं किती उरलं, हा त्यांच्यापुढचा प्रश्नच नव्हता. आपल्यापुढचा आहे.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे, आणि ते पोकळ नाहीत.

पहिला मुद्दा असा, की खनिज संपण्याची भीती दरवेळी खोटी ठरते. १९८० मध्ये अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन आणि जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांची पैज लागली होती: तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन या पाच धातूंच्या किमती दहा वर्षांत महागाई वजा जाता वाढतील की घटतील? एर्लिक म्हणाले वाढतील. १९९० मध्ये त्या घटलेल्या निघाल्या आणि एर्लिकना ५७६ डॉलरचा धनादेश पाठवावा लागला. नवे साठे सापडतात, तंत्र सुधारतं, एका धातूची जागा दुसरा घेतो. हे सगळं खरं आहे. पण ती पैज जगाच्या बाजाराबद्दल होती. जगात सोनं आजही भरपूर निघतं, म्हणून कर्नाटकातल्या कोलारला त्याचा काय उपयोग? कोलार गोल्ड फील्ड्समध्ये १८८० च्या दशकापासून सुमारे ८०० टन सोनं निघालं. खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. शिवनसमुद्रची वीज १९०२ मध्ये तिथं पोचली, देशातल्या बहुतेक शहरांच्या कितीतरी आधी. २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली. आज तिथं सायनाइडयुक्त मातीचे ढिगारे आहेत, आणि खाणकामगारांची पुढची पिढी पहाटेच्या गाडीनं बंगळुरूला कामाला जाते. जगाचा साठा संपत नाही, जिल्ह्याचा संपतो. माणसं जिल्ह्यात राहतात.

दुसरा मुद्दा मला स्वतःला जास्त अडचणीचा वाटतो. झीज वजा करायची तर नव्यानं सापडलेले साठे मिळवायला नकोत का? अमेरिकेच्या आर्थिक विश्लेषण खात्यानं १९९४ मध्ये असे खनिज-लेखे पहिल्यांदा प्रसिद्ध केले, तेव्हा १९५८ ते १९९१ या काळात नव्या साठ्यांनी झीज जवळपास भरून काढल्याचं दिसलं. म्हणजे हिशेब मांडला की उत्तर दरवेळी काळंच निघेल असं नाही. हे मी मोकळेपणानं मान्य करतो, आणि हिशेब मांडायचा तो एवढ्यासाठीच. उत्तर आधी ठाऊक असतं तर मोजायचं कशाला? विचार करायला लावते ती त्यानंतरची गोष्ट. कोळसापट्ट्यातल्या प्रतिनिधींच्या दबावानं अमेरिकी काँग्रेसनं ते काम थांबवायला लावलं. पाच वर्षांनी, १९९९ मध्ये, अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ मंडळानं काम पुन्हा सुरू करण्याची शिफारस केली. चीननं २००६ मध्ये २००४ सालासाठी 'हरित जीडीपी' जाहीर केला, प्रदूषणाचा खर्च जीडीपीच्या ३.०५ टक्के निघाला, प्रांतांनी विरोध केला आणि पुढचे आकडे बाहेर आलेच नाहीत. आकड्यानं काही फरक पडत नाही म्हणणाऱ्यांनी सांगावं, फरक पडत नसता तर तो दाबायची गरज का पडली असती?

तिसरा मुद्दा अनिश्चिततेचा. भाव वर-खाली होतात, साठ्याचा अंदाज बदलतो, व्याजदर कोणता धरायचा यावर एकमत नाही. एक उदाहरण घेऊ. समजा, एका खाणीतून सगळा खर्च आणि गुंतवणुकीवरचा वाजवी नफा वजा जाता वर्षाला १०० कोटी उरतात, आणि खनिज २० वर्षं पुरेल. जागतिक बँकेतले अर्थतज्ज्ञ सालाह एल सेराफी यांनी १९८० च्या दशकात यासाठी सोपा मार्ग दाखवला: दरवर्षी एवढी रक्कम बाजूला ठेवा, की खाण संपल्यावर तिच्या व्याजावर तेवढंच उत्पन्न कायम चालू राहील. ४ टक्के व्याजानं हिशेब केला तर १०० मधले सुमारे ४६ कोटी मुद्दल आणि ५४ कोटी कमाई. दरवर्षी ४६ बाजूला टाकले तर २० वर्षांनी साधारण १,३६० कोटींचा निधी होतो आणि तो वर्षाला ५४ कोटी देत राहतो. आता व्याज ८ टक्के धरा: मुद्दल ४६ वरून २१ वर येतं. किंवा व्याज ४ टक्केच ठेवून खाणीचं आयुष्य १० वर्षं धरा: मुद्दल ६८ वर जातं. फरक मोठा आहे, मी तो लपवत नाही. पण आजच्या पद्धतीत मुद्दल किती धरलं जातं? शून्य. २१ की ४६ की ६८, याबद्दल खात्री नाही म्हणून शून्य लिहायचं, हा कुठला न्याय? या सगळ्या उत्तरांत एक उत्तर निश्चित चुकीचं आहे, आणि आपण नेमकं तेच निवडलं आहे. यंत्राचा घसारासुद्धा अंदाजच असतो. तो कधी अंदाज आहे म्हणून सोडून दिलेला नाही. आणि माहिती नाही असंही नाही. भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. दर पाच वर्षांनी देशभरच्या खनिजसाठ्यांची सूची हाच ब्यूरो अद्ययावत करतो, सरासरी विक्रीकिमतीही जाहीर करतो. अर्थतज्ज्ञ पार्थ दासगुप्ता यांच्या समितीनं २०१३ मध्ये हरित राष्ट्रीय लेख्यांची चौकट आखून दिली आहे. साहित्य घरात आहे, चूल पेटवायची राहिली आहे.

सगळ्यात वजनदार मुद्दा शेवटचा. गरीब जिल्ह्याला आज दवाखाना हवा, रस्ता हवा, पोरांना काम हवं. पन्नास वर्षांनंतरच्या लोकांसाठी आजच्यांनी उपाशी राहायचं का? इंग्लंडनं कोळसा जाळूनच प्रगती केली, आता आम्हाला शिकवणी कशाला? गडचिरोलीतल्या तरुणाला पहिल्यांदा नियमित पगार मिळत असेल, तर नाशिकमध्ये पंख्याखाली बसून त्याच्या खाणीवर बोट ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण इंग्लंडचंच उदाहरण नीट पाहा. अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये ब्रिटिश कोळशाच्या झिजेचा हिशेब मांडला, आणि पुढच्याच वर्षी अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी त्याचा आधार घेऊन संसदेत राष्ट्रीय कर्ज फेडण्याची निकड मांडली: कोळसा आहे तोवर डोक्यावरचं ओझं उतरवून घ्या. खाणी थांबल्या नाहीत. हिशेबामुळे कोळशाच्या पैशाचं काय करायचं, यावर विचार सुरू झाला. मोजणं म्हणजे बंद करणं नव्हे. नॉर्वेनं १९९० मध्ये तेलनिधीचा कायदा केला, १९९६ मध्ये पहिली रक्कम भरली, आणि तेल काढणं एक दिवसही थांबवलं नाही. दुसरीकडे नाउरू: प्रशांत महासागरातलं २१ चौरस किलोमीटरचं बेट, १९६८ मध्ये स्वतंत्र झालं, फॉस्फेटच्या जोरावर दरडोई उत्पन्नात जगात वरच्या रांगेत गेलं. फॉस्फेटचा पैसा निधीत ठेवलाही होता, पण नीट सांभाळला नाही. आज बेटाचा मधला भाग चुनखडीच्या सुळक्यांनी भरलेलं ओसाड रान आहे. तिथले वर्षावर्षाचे उत्पन्नाचे आकडे भरभराटच दाखवत होते. इंडोनेशियाचंही तसंच. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट रेपेटो यांनी १९८९ मध्ये दाखवलं, की १९७१ ते १९८४ या काळातली वर्षाला ७.१ टक्क्यांची वाढ तेल, जंगल आणि मातीची झीज वजा केल्यावर ४ टक्क्यांवर येते. ४ टक्के ही काही वाईट वाढ नाही. पण ७ समजून आखलेल्या योजना ४ वर कशा पेलणार? मामांचा हप्ता आठवा. आणि खरं तर हिशेबाची गरज गरिबालाच जास्त असते. श्रीमंताची एक मालमत्ता बुडाली तर चार उरतात. गडचिरोलीकडे विकायला दुसरा डोंगर नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

यावर कुणी म्हणेल, खाणबाधित भागांसाठी पैसा गोळा करणारी जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आहेतच की. २०१५ च्या कायद्यानं ती आली आणि ती चांगलीच गोष्ट झाली. पण हिशेब बघा. लोहखनिजाचं स्वामित्वधन सरासरी विक्रीकिमतीच्या १५ टक्के. १२ जानेवारी २०१५ पूर्वी दिलेल्या पट्ट्यांत त्याच्या ३० टक्के रक्कम प्रतिष्ठानाकडे जाते, लिलावानं दिलेल्यांत १० टक्के. म्हणजे टनाच्या किमतीतले फार तर साडेचार टक्के. शिवाय ते मुख्यतः पाणी, आरोग्य, शिक्षण यांवर खर्च करण्यासाठी आहेत, कायमचा निधी साठवण्यासाठी नाहीत. गोव्यात सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१४ मध्ये लोहखनिजाच्या विक्रीतले १० टक्के कायमस्वरूपी निधीत टाकायला लावले. २०१९ च्या राष्ट्रीय खनिज धोरणात तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या समन्यायाची भाषा आहे. भाषा आली, रकाना अजून आलेला नाही.

हे सगळं गडचिरोलीचं आणि गोव्याचं, नाशिकचा याच्याशी काय संबंध, असं त्या परिसंवादाच्या दारात एकानं मला विचारलं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच जो कोळसा जाळतात तो नाशिकच्या मातीतला नाही. आपल्या घरातला दिवा दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्याच्या मुद्दलावर लागतो. हा संबंध पुरेसा आहे. आणि आपल्याकडे खनिज नाही असंही नाही, फक्त कायद्यानं त्याला 'गौण' म्हटलं आहे: दगड, मुरूम, वाळू. इथं मात्र एक गल्लत टाळायला हवी, जी ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या उत्खननाच्या वादात आमच्याच बाजूच्या लोकांनी केली. सह्याद्रीचा काळा दगड संपणार नाही. दख्खनचा बेसाल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. दगडाच्या टंचाईचा युक्तिवाद केला की समोरचा खदानवाला हसतो, आणि त्याचं हसणं बरोबर असतं. इथली झीज दगडाची नसून डोंगराची आहे: त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या पाण्याची, उतारावरच्या मातीची. गोदावरी जिथं उगम पावते तिथल्या टेकडीचा दगड आणि एखाद्या उजाड माळावरचा दगड खडी म्हणून सारखेच, मालमत्ता म्हणून नाहीत. स्वामित्वधन मात्र दोन्हीकडे ब्रासला (म्हणजे शंभर घनफुटांना) सारखंच, अलीकडच्या वर्षांत ६०० रुपये. एका ब्रासमागे आपण पाण्याचं काय दिलं, हे त्या ६०० मध्ये कुठंच नाही. वाळूचं गणित आणखी वेगळं: नदी ती पुन्हा आणून टाकते, पण तिच्या चालीनं, जेसीबीच्या चालीनं नव्हे. लोहखनिज, दगड आणि वाळू, तिन्हींचा हिशेब तीन पद्धतींनी करावा लागेल.

राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवसांत येते. तीत खनिजांचा तक्ता असतो: किती टन काढलं आणि किती किमतीचं. त्या तक्त्याला आणखी तीन रकाने जोडावेत, एवढीच मागणी आहे. वर्षाच्या सुरुवातीला साठा किती होता, अखेरीस किती उरला, आणि आलेल्या पैशातलं मुद्दल किती, दोन वेगवेगळ्या व्याजदरांनी. स्वामित्वधन महसुली जमेतून काढून भांडवली जमेत न्यावं. जिल्ह्यापुरतं पाहायचं तर २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची, घाटांची कामं निघाली आहेत, खडी आणि मुरूम प्रचंड लागणार आहे. ज्या खाणींतून माल उचलला जाईल तिथली ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन या यंत्रानं होणारी) मोजणी कामाआधी आणि कामानंतर व्हावी आणि दोन्ही आकडे त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत.

पावत्यांवर विसंबून चालत नाही, म्हणून मोजणी खड्ड्याची हवी. यंदा उन्हाळ्यात मी आणि मामेभावानं मामांच्या बरडावरचा तो खड्डा टेप लावून मोजला. लांबी ११० फूट, रुंदी ६०, खोली सरासरी ९. म्हणजे ५९४ ब्रास, तेही तळाला पंचवीस वर्षांचा गाळ साचलेला असताना. खोदलेला मुरूम फुगतो, तेव्हा डंपरमध्ये भरला गेला तो याहून जास्तच असणार. वहीत पैसे ४१० ब्रासचे आहेत. मामांनी वही मागवून घेतली, चष्मा लावून 'मुरूम' लिहिलेली ओळ दोनदा वाचली, आणि पेन्सिलनं तिच्यापुढे ५९४ लिहिलं.